हमीदभाईंचं खरं वय

हमीदभाई शुद्ध उर्दूत बोलायला लागले, की आम्ही साखर शोधायला लागायचो.

एरवी त्यांचं बोलणं आपल्या नांदेडचं होतं. ‘हाव’, ‘न्हाई’, ‘काय करून राहिलात बाई?’ असं. पण अंगातली साखर घसरली, की या माणसाला एकदम अदब आठवायची. मग गिऱ्हाइकाला ‘तशरीफ रखिए’, शेजारच्या चहावाल्याला ‘जनाब’, आणि मला, म्हणजे रोज दिसणाऱ्या शाळेतल्या बाईला, ‘मोहतरमा’. नवीन माणूस खूश व्हायचा. आम्ही ओळखीचे मात्र त्यांच्या शर्टाच्या खिशातली ग्लुकोजची पुडी काढून त्यांच्या तोंडात रिकामी करायचो. एकदा एका वकिलाच्या काळ्या कोटाला रफू करताना असंच झालं. तोंडाने ‘हुजूर, बस दो मिनट’ चाललेलं आणि हाताने कोटाची बाही स्वतःच्या पायजम्याला शिवून टाकलेली. वकीलसाहेब कोट उचलायला गेले, तर कोटाबरोबर हमीदभाईही उठायला लागले. पुडी पोटात गेल्यावर दहा मिनिटांनी भानावर आले आणि शांतपणे म्हणाले, “थांबा, उसवून देतो. टाका बारीक हाय, कपडा खराब व्हायचा न्हाई.”

ते गेले, त्याला आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले, हृदय थांबलं. माझ्या दोन साड्या आणि यजमानांची एक शाल त्यांच्या हातची आहे. कुठे फाटलं होतं ते मला आता शोधूनही सापडत नाही.

शेख हमीद शेख महेबूब, रफूगार. आमच्या मुलींच्या शाळेच्या भिंतीला लागून एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक माणूस मांडी घालून बसेल आणि दुसरा उभा राहील एवढी जागा. त्या शाळेत मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे शरीरातलं सगळं आपल्याला कळतं, असा माझा समज होता, आणि तो बऱ्यापैकी मोठ्या आवाजात मी सगळ्यांना ऐकवायची.

त्यांना दहाव्या वर्षापासून मधुमेह होता. म्हातारपणी येतो तो नव्हे. लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्शुलिन बनवायचं थांबतं. त्यात गोळी चालत नाही. सुई टोचली नाही, तर माणूस जगत नाही. दिवसातून चार वेळा, चाळीस वर्षं. “बाई, मी दोन्ही हातांनी सुयांवरच जगून राहिलो,” असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

लोक त्यांना कारल्याचा रस सांगायचे, जांभळाच्या बिया सांगायचे, कुणी कुठल्याशा झाडाची साल आणून द्यायचे. मला संताप यायचा. मी मध्ये पडून स्वादुपिंडाचं व्याख्यान सुरू करायची. हमीदभाई मात्र सगळ्यांचं नीट ऐकून घ्यायचे, “लई मेहरबानी” म्हणायचे आणि ती साल जिन्याच्या पायरीवर ठेवून द्यायचे. पायरीवर असल्या सालींचा ढीग झालेला होता. “एवढ्या लांबून घेऊन आला बिचारा. त्याला कशाला तुमचा धडा ऐकवायचा?” असं मलाच वर सुनवायचे.

आमची खरी ओळख रमजानमध्ये झाली. डॉक्टरांनी त्यांना रोजे बंद केले होते, आणि वेळच्या वेळी खाणं तर भागच होतं. पण सगळा मोहल्ला उपाशी असताना दुकानात बसून भाकरी मोडणं त्यांना जमत नव्हतं. एके दिवशी ते शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, “बाई, रोजा न्हाई तरी लाज तर हाय. बसायला एक कोपरा देता का?” मी त्यांना विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बसवलं. त्यानंतर दर रमजानला महिनाभर दुपारी एक वाजता हमीदभाई फॉर्मलिनमधल्या बेडकांच्या समोर बसून ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खायचे. खाण्याआधी शर्ट वर करून पोटात सुई घ्यायचे, तेव्हा तेवढे भिंतीकडे तोंड करायचे. बेडकांचीही त्यांना भीड वाटत असावी.

तिथेच एकदा कपाटातलं निळं द्रावण त्यांना दिसलं आणि त्यांचा चेहरा उजळला. लहानपणी ते रोज सकाळी असल्याच द्रावणात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर उकळायचे. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर थोडी साखर, मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं की अम्मी रडायला बसायची. पुढे बोटाला टोचून आकडा सांगणारं यंत्र आलं, तरी या माणसाने आकडे कधी सांगितले नाहीत. “आज कसं आहे?” विचारलं की “सकाळी हिरवी होती, आता पिवळीकडं चाललीय,” असं उत्तर. रंगाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. काळ्या रंगाच्या अकरा छटा आहेत, असं ते म्हणायचे, आणि त्या माझ्यासमोर मांडूनही दाखवल्या होत्या. मला दोनच दिसल्या.

त्यांच्या बोलण्यात एक वाक्य फार वेळा यायचं. “मी एकदा बरा होऊन बसलेलो हाय, बाई.” कुणी नव्या औषधाची बातमी सांगितली की ते हे म्हणायचे आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागायचे. त्याची गोष्ट मला दोन-तीन वर्षांनी कळली.

आजार कळल्यावर पहिल्या महिन्यात त्यांच्या अम्मीने दर्ग्याला मन्नत मागितली. शेजारच्या काकूंना स्वस्थ बसवेना. त्या पोराला एसटीत घालून माहूरला रेणुकेच्या पायांवर घालून आल्या. आणि झालं काय, की पुढच्या पंधरा दिवसांत सुईची गरज कमी कमी होत गेली. आधी निम्मी, मग पाव, मग द्रावण निळंच राहायला लागलं. सुई बंद झाली. घरात आनंदीआनंद. अम्मीने गल्लीला न्याजचं जेवण दिलं, काकूंनी पुरणाचा नैवेद्य केला, आणि पोराला कुणी बरं केलं यावरून दोघींमध्ये गोडीगुलाबीची चुरस सुरू झाली. जिलेबीचं ताट हमीदभाईंच्या पुढे आधी आलं. चार महिने ते सगळ्या गल्लीत कौतुकाचे झाले होते. पाचव्या महिन्यात एका सकाळी ते उठलेच नाहीत. सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डोळे उघडले.

या आजारात सुरुवातीला असं होतं. मरायला टेकलेल्या पेशी थोडे दिवस पुन्हा काम करतात, मग कायमच्या थांबतात. हे मी त्यांना फळ्यावर आकृती काढून समजावलं. ते ऐकून हमीदभाई म्हणाले, “म्हणजे दोघींचं बी काही चुकलं न्हाई.” मला वाटलं होतं त्यांना राग येईल. उलट त्यांना बरं वाटलं. ते पुढे एवढंच म्हणाले, की दवाखान्यातून घरी आल्यावर अम्मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हती, आणि ते त्यांना सुईपेक्षा जड गेलं.

अशा माणसाच्या मनात आशा घालायचा उद्योग मी केला. कबूल करते. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. हातात मोबाइल आणि रिकामा वेळ होता. त्यावर मी वाचलं, की परदेशात एका रोग्याच्या स्वतःच्याच अंगातल्या पेशी घेतल्या, त्यांच्यापासून इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी तयार केल्या आणि पुन्हा त्याच्याच अंगात सोडल्या. सुई सुटली म्हणे. मी घाईघाईने दुकानात गेले. हमीदभाई कुणाच्या तरी शेरवानीची आतली शिवण उसवत होते. रफूचा त्यांचा एक नियम होता. बाहेरचा दोरा वापरायचा नाही. त्याच कपड्याच्या दुमडलेल्या कडेतून एकेक धागा काढायचा आणि भोकात विणायचा. “बाहेरचा दोरा कपडा वळखतो,” असं ते म्हणायचे.

मी बातमी सांगितली. त्यांचं नेहमीचं वाक्य येईल, म्हणून थांबले. ते आलं नाही. त्यांनी शेरवानी मांडीवर ठेवली.

“त्याच माणसाच्या अंगातलं काढलं?”

“हो.”

“आन त्यालाच लावलं.”

“हो ना.”

“मंग हे होऊ शकतंय, बाई,” ते म्हणाले. तीस वर्षं मी शिकवलेलं कुणाला इतक्या लवकर कळलं नव्हतं.

त्यांना घाई होती, आणि ती मलाही माहीत होती. डाव्या डोळ्यात दोनदा रक्त उतरलं होतं, लेसर झालं होतं. काळ्या कापडाचं काम त्यांनी सोडून दिलं होतं. उजवा डोळा गेला तर दुकानच उरणार नव्हतं. ते लातूरच्या एका डॉक्टरांकडे जायचे, कारण त्यांची थोरली बहीण, सुलताना आपा, लातूरला दिलेली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जे होतं ते आपाचं घर. माझं माहेर रेणापूरचं, तेव्हा लातूरला माझंही जाणं असायचंच. पुढच्या खेपेला आम्ही बरोबर गेलो.

डॉक्टर भले होते. म्हणाले, आपल्याकडेही एका मोठ्या शहरात असले प्रयोग व्हायच्या बेतात आहेत, रोग्यांची यादी मागवली आहे, खात्री काहीच नाही, पण नाव पाठवता येईल. मग त्यांनी कागद चाळले आणि थांबले. वय पन्नासच्या आत हवं होतं. आधार कार्डावर हमीदभाई एक्कावन्न वर्षांचे होते.

“पण ते खोटं हाय साहेब,” हमीदभाई लगेच म्हणाले. “एक जून हाय ना? ते मास्तरनं घातलंय.”

आमच्या वयाच्या निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस एक जूनला येतो. आईबापाला तारीख आठवत नाही, मास्तर पोराची उंची बघून साल लिहितो आणि महिन्याच्या जागी जून टाकतो. हमीदभाईंची अम्मी जन्मभर त्यांना सांगायची, “तू कागदावर मोठा आहेस, खरा लहान. मास्तरने तुला दुष्काळात घातलं, तू झालास दुष्काळानंतर तिसऱ्या वर्षी.” म्हणजे हमीदभाई खरे अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासचे. डॉक्टर म्हणाले, जन्माचा दाखला आणा, आधार दुरुस्त करा, महिनाभर मुदत आहे.

अम्मीचं माहेर उमरीचं. बाळंतपणं तिथेच झाली. पूर्वी गावात कुणी जन्मलं-मेलं की कोतवाल सांगायचा आणि ते एका वहीत उतरवून घ्यायचे. ती जुनी पुस्तकं तहसिलीत असतात. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने उमरीला गेलो. वाटेत हमीदभाई इतके बोलत होते, की मी दोनदा त्यांच्या खिशातली पुडी चाचपून पाहिली. पण उर्दू नव्हतं, सगळं साधं मराठीच होतं. सुई सुटल्यावर पहिल्यांदा काय करणार, ते सांगत होते. जेवायची वेळ नाही, मोजमाप नाही, भूक लागेल तेव्हा खायचं, नाही लागली तर नाही. “आन एक रोजा धरणार,” ते म्हणाले. “एकच. बघायचं हाय कसं लागतंय.”

रेकॉर्डचा क्लार्क तरुण आणि उत्साही निघाला. धूळ झटकत त्याने तासाभरात पान काढलं. दुष्काळानंतरचं तिसरं वर्ष. शेख महेबूब, राहणार नांदेड, यांस मुलगा. नाव नव्हतं. नावं तेव्हा लिहीतच नसत.

“हे बघा, सापडले तुम्ही,” क्लार्क म्हणाला. “नक्कल देतो, अर्ज लिहा.”

मी पर्समधून पेन काढलं. हमीदभाई त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. मग म्हणाले, “दुष्काळाच्या सालाची बी वही दाखवता का, साहेब?”

“कशाला? मिळालं ना तुमचं?”

“मास्तर किती चुकला ते बघतो.”

मास्तर तीन महिन्यांनी चुकला होता. दुष्काळाच्या सालच्या वहीत मार्च महिन्यात तीच ओळ होती. शेख महेबूब, राहणार नांदेड, यांस मुलगा.

त्यांना भाऊ नव्हता. एक आपा आणि हे. मी तरी तेवढंच ऐकलं होतं. हमीदभाईंनी बाहेर पायऱ्यांवर बसून आपांना फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून आपा मोठ्याने बोलत होत्या. मला सगळं ऐकू आलं.

“मुनीर,” आपा म्हणाल्या. “तुझ्या पाठचा. पाच महिन्यांचा होऊन गेला, नांदेडला. अम्मी त्याचं नाव काढू द्यायची न्हाई.”

“मंग मला साल त्याचं का सांगायची?”

“कुणाला म्हाईत. तुझा जन्म सांगायला बसली की त्याचाच सांगायची. आम्ही कुणी टोकलं न्हाई, बाबा.”

फोन बंद केल्यावर ते तसेच बसून राहिले. आत क्लार्क नकलेचा कागद तयार ठेवून होता. त्याला दोन्ही ओळी माहीत होत्या आणि त्याचं काही म्हणणं नव्हतं. नाव कुठल्याच ओळीत नाही, कुठली तुमची ते तुम्ही सांगाल ती. मी हमीदभाईंच्या शेजारी बसले आणि जे म्हणाले ते इथे लिहिताना मला फार अभिमान वाटत नाही, पण तेव्हा मनापासून म्हणाले. “घ्या ती नक्कल. कुणाचं वाईट होत नाही. त्या लेकराला आता कागदाचा काय उपयोग?”

“त्याच्याजवळ दुसरं काय हाय, बाई?” हमीदभाई म्हणाले. “कबर कुठं हाय ते आपाला म्हाईत न्हाई. फोटो न्हाई. अम्मीनं त्याचा जन्म बी मलाच देऊन टाकला. ही एक ओळ राहिलीय. ती बी मी घेतली, तर तो झालाच न्हाई.”

“आणि तुमचा डोळा?”

ते आत गेले, दुष्काळाच्या सालातली आपली ओळ दाखवली आणि तिची नक्कल घेतली. दुसऱ्या ओळीत मुनीर हे नाव भरता येईल का, असं त्यांनी क्लार्कला विचारलं. एवढ्या वर्षांनी येत नाही, असं तो म्हणाला. तेव्हा त्यांनी त्याच्याकडून ती ओळ मोठ्याने वाचून घेतली, तारखेसकट, आणि “शुक्रिया” म्हणाले.

परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढी वर्षं सुया टोचून घेतलेला माणूस एका अनोळखी तान्ह्यासाठी दार लावून घेतो, हे मला पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं पटलेलं नाही. नांदेड जवळ आल्यावर तेच म्हणाले, “मास्तरपेक्षा तीन महिनं अजून म्हातारा निघालो की मी.” मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

त्यानंतर दोन आठवडे मी दुकानाकडे फिरकले नाही. मुदत संपायला दोन दिवस उरले असताना त्यांचाच फोन आला. “बाई, लातूरला येता का? फॉर्म द्यायचा हाय.” मला वाटलं, विचार बदलला. मी एका पायावर तयार झाले.

दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवर एक मुलगी कॉम्प्युटरवर नावं भरत होती. हमीदभाईंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि उजवा डोळा कागदाजवळ नेऊन ते पुन्हा पुन्हा फॉर्म तपासत होते. नंबर आला. मुलीने नाव विचारलं, किती वर्षांपासून सुई घेता ते विचारलं, मग वय विचारलं.

“एक्कावन्न पुरं. बावन्नावं चालू हाय,” हमीदभाई म्हणाले.

मुलीने हात थांबवला. “काका, पन्नासच्या आतलेच पाहिजेत. यात तुमचं नाव धरणार नाहीत ते.”

“म्हाईत हाय.”

“मग भरू कशाला?”

मागची माणसं पुढे सरकायला लागली होती. मी त्यांच्या कोपराला हात लावला, चला म्हणून. ते हलले नाहीत. काउंटरवर दोन्ही हात ठेवून ते उभे होते, आणि इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

“बरं तर मला बी व्हायचंय, बेटी. लिही.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली आणि त्यांचं नाव लिहायला लागली. ती प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत होती, आणि हमीदभाई मान हलवून ते बरोबर आहे म्हणून सांगत होते.